जपान उद्या येईन

दारव्ह्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांनी मला हॅम रेडिओचा, बिनतारी सेटवरून परमुलखातल्या अनोळखी माणसांशी बोलायचा, नाद लावला. दुकानासमोरच्या कडुनिंबापासून शेजारच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या पत्र्यापर्यंत त्यांची एरियलची तार जायची. सेट लावला की ते डोळे मिटून बसत. माझा हात माइककडे गेला की अलगद बाजूला सारत.

"पह्यले आयकाचं, मंग बोलाचं."

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि जिनिंग बंद पडलं. एका दुपारी खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, जपानमधला आवाज आला. पहिल्यांदाच कुणी आमच्या हाकेला ओ दिली होती. तेवढ्यात जिनिंगमध्ये कापूस तोलणारा मापारी दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

काकांनी सेट बंद केला.

"काका, जपान..."

"तो उद्या बी येईन."

मापारी काहीच बोलत नव्हता. काका त्याच्यासमोर डोळे मिटून ऐकत बसले.