बंगलोरला ऐकू आलेली मारहाण

मी नऊ वर्षं पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वाचकांची भुताखेतांची पत्रं टेबलावर यायची, ती मी दुसरी ओळ न वाचता टोपलीत टाकायचो. आज तसंच पत्र स्वतः लिहितोय. म्हणून जेवढं घडलं तेवढंच लिहितो, तर्क करत नाही.

साल २००९. वर्तमानपत्र सोडून मी हिंजवडीत एका कंपनीत टेक्निकल रायटर झालो होतो. बायकोची – मीनलची – बदली बंगलोरला झाली आणि दीड वर्षाच्या मुलीला घेऊन ती तिकडे गेली. मंदी होती, तिला नोकरी सोडून परत येणं शक्य नव्हतं. मीच तिकडे नोकरी शोधायची असं ठरलं. पाच महिने झाले तरी काही जमेना. मुलगी फोनवर माझा आवाज ऐकून आईच्या कुशीत तोंड लपवायला लागली होती.

तोवर मी मुळशीतल्या नांदे गावात खोली घेतली होती. खाली घरमालक नाना, पन्नाशीचे, आणि त्यांचं कुटुंब. वर माझी एकट्याची खोली. मोबाइलला रेंज फक्त मोरीजवळच्या खिडकीत. इंटरव्ह्यू फोनवर व्हायचे. ते मी अर्धी रजा टाकून, दिवसाउजेडी, त्या खिडकीशी उभा राहून द्यायचो.

पहिला मंगळवारी सकाळी झाला. पलीकडचे गृहस्थ तमिळ होते. दहा मिनिटांनी ते थांबले आणि विचारलं, तुमच्या मागे कोणी बाईला मारतंय का? मी वळून पाहिलं. खोलीत मी एकटा. खाली कुलूप, नानांचं सगळं घर शेजारच्या चांदे गावी लग्नाला गेलेलं. मी नाही म्हणालो. त्यांनी दोन प्रश्न घाईत विचारले आणि फोन ठेवला. नकार संध्याकाळी आला.

पुढच्या आठवड्यात दुसरी कंपनी, दुसरा माणूस, हिंदी बोलणारा. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, पहले घर देखिए, आणि फोन बंद केला. मी त्याच खिडकीतून एका मित्राला फोन लावला आणि काय ऐकू येतंय विचारलं. तुझाच आवाज येतोय, म्हणाला. मी हँडसेट बदलला.

तिसरा कॉल सोमवारी. बंगलोरच्याच तिसऱ्या कंपनीची एचआर, शोभा. सुरुवात इंग्रजीत झाली, मग तिने मध्येच मला थांबवलं आणि मराठीत बोलली.

"सर, मी बेळगावची. मला सगळं कळतंय. तुमच्या मिसेस इकडे आहेत म्हणालात ना? मग ही कोण?"

मी तिला म्हटलं, मला काहीच ऐकू येत नाहीये, तुम्हाला काय येतंय ते सांगा.  ती एकेक वाक्य सांगत गेली आणि मी सवयीने वहीत लिहीत गेलो. बाई : दादा, न्हाई करायची मला सही. पुरुष : सही उजव्या हातानं करायची असती, डाव्याचं काय काम? बाई : हात सोड दादा, मोडंल. शेवटी शोभा म्हणाली, "आता काहीतरी मोडलं सर." तिचा आवाज बदलला होता.

तरीही तिने मला पुढच्या फेरीत घेतलं. गुरुवारी, अकरा वाजता.

संध्याकाळी नाना अंगणात भेटले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नाना, तुम्हाला बहीण आहे?

"हाय की. मंदा. पिरंगुटला दिलीया. गुरुवारी यायचीय, हक्कसोडीवर सही कराया."

जमीन बिल्डरला द्यायची होती आणि सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव होतं. गावात घरोघरी बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देत होत्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"आता म्हणती, इचार करते," नाना हसले. "भनीला कसला आलाय इचार, सर?"

रात्री मीनलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईला कळव. नंबर नानांकडेच मागावा लागला असता. पौडला पोलिसांत जाऊन सांगणार काय – की न झालेली मारहाण बंगलोरला ऐकू आली? आणि गुरुवार माझ्यासाठी शेवटची संधी होती. मी कोणाला काही बोललो नाही.

गुरुवारी अकराला कॉल सुरू झाला. शोभाचा मॅनेजर बोलत होता. वीसेक मिनिटं झाली आणि खालून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग बाईचा आवाज.

"दादा, न्हाई करायची मला सही."

या वेळी ते मी माझ्या कानांनी ऐकलं. कानाखाली मारल्याचे आवाज आले, एकामागून एक. डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. वही खिडकीतच उघडी होती, मी पुढचं वाक्य वाचलं, आणि नाना खाली तेच बोलले. अगदी शांतपणे, शेताची हद्द दाखवावी तसे. मॅनेजर मला म्हणाला, शोभाने तुमच्याकडे गोंगाट असतो म्हणून सांगितलं होतं, पण आज अगदी शांत आहे. आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला.

मग मी फोन खिडकीत तसाच सोडून खाली गेलो. मंदाताई चुलीपाशी पडलेल्या होत्या. डावा हात कोपराखाली उलट्या दिशेला वळला होता, हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं होतं. उजव्या हाताला ओरखडासुद्धा नव्हता. मी मध्ये पडलो तेव्हा नानांनी खोऱ्याचा दांडा माझ्या खांद्यावर मारला.

"तुमी भाडं भरताय, भाडेकऱ्यावानी ऱ्हावा."

शेजारच्यांनी त्यांना धरलं. दवाखान्यात मी मंदाताईंना तक्रार द्यायला सांगितलं. "भाऊ हाय माजा," एवढंच त्या म्हणाल्या. महिन्याभराने, हात प्लास्टरमध्ये असतानाच, त्यांनी सही केली.

मॅनेजरला कॉल कट झाल्यासारखा वाटला होता. शोभाने त्याची समजूत घातली आणि नोकरी मला मिळाली. मी बंगलोरला गेलो आणि मुलगी आठवड्याभरात माझ्याकडे यायला लागली.

कंपनीत शोभा भेटली तेव्हा आम्ही वही आणि तारखा समोर ठेवून सगळं ताडून पाहिलं. गुरुवारची मारहाण तिला सोमवारी कशी ऐकू आली, त्याआधीच्या दोघांना कशी, आणि खरी झाली तेव्हा मॅनेजरला का नाही – याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही, अजूनही नाही.

उठताना तिने विचारलं, "आवाज आल्याबरोबर तुम्ही खाली गेलात ना, सर?"

मी हो म्हणालो. आवाज आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं आणि फोन खिडकीत ठेवताना पुन्हा पाहिलं. भांडं आपटल्यापासून चार मिनिटं मी युजर मॅन्युअलची अनुक्रमणिका कशी करावी यावर बोलत होतो. उत्तर चांगलं झालं होतं.