पाठ झालेला तक्ता

बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाला सगळे चष्मेवालेच म्हणत. वय त्रेपन्न, लग्न राहून गेलेलं, राहायला दुकानाच्याच वर एक खोली. एकदा तपासून समाधान मानणाऱ्यांतले ते नव्हते. घासलेली काच उजेडात धरत, फिरवत, पुन्हा धरत. मालक म्हणायचा, "अहो, ती काच आहे, सून नाही. किती पारखाल?" पण त्यांनी बसवलेली काच कधी परत येत नसे, म्हणून मालक तेवढंच बोलून गप्प बसे.

एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढून बारीकसा काळा ठिपका तरंगत गेला. डाग असेल म्हणून त्यांनी काच पुसली. मग दुसरी घेतली. ठिपका तिथेही हजर. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाईलला विचारलं. वयपरत्वे असं होतं, असं मोबाईल आधी म्हणाला. तेवढ्यावर थांबला तर तो मोबाईल कसला? त्याच्या खाली डोळ्याचा पडदा सुटल्याची हकिगत होती, तिच्या खाली गाठीची, आणि सगळ्यात खाली कुणा अनोळखी बाईने लिहिलं होतं, 'माझंही असंच सुरू झालं.' चष्मेवाल्यांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

पुढच्या दोन महिन्यांत तीन डॉक्टर झाले. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, बाहुली मोठी करून, सावकाश तपासलं.

"पडदा छान आहे. ठिपका राहील, त्याची सवय होईल. मोबाईलवर दिवसातून किती वेळा शोधता?"

"दोन-तीनदा." खरा आकडा चाळिसाच्या पुढे होता.

"कुलूप लावून दहादा मागे येणारी, ओढून बघणारी माणसं असतात ना, त्यातलंच हे. बघितलं की घटकाभर हायसं वाटतं. मग त्या हायसं वाटण्याचीच शंका येते." त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. चष्मेवाल्यांनी चिठ्ठी जपून खिशात घातली आणि जिना उतरता उतरता डोळ्यांच्या डॉक्टरांची चूक शंभरात किती वेळा होते ते शोधलं.

दुकानात अक्षरांचा तक्ता होता. डावा डोळा झाकून ते रोज त्याची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ वाचत. बिनचूक. पण गेली सव्वीस वर्षं तो तक्ता त्यांना पाठ होता, दोन्ही डोळे मिटूनही वाचला असता. मग हा पुरावा कसला? त्यांनी घरी नवे तक्ते लिहिले, तर ते लिहितानाच पाठ झाले. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्या कुणीतरी अक्षरं लिहावीत आणि समोर धरावीत. त्यांच्या खोलीत खुर्ची होती, टेबल होतं, दुसरं कुणी नव्हतं.

अशात एका रविवारी थोरली बहीण आली, बसने तीन तास प्रवास करून. रोज फोनवर त्यांनी ठिपक्याचं विचारलं की 'काही होत नाही रे तुला' म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. चष्मेवाल्यांनी तिच्या हातात कागद-पेन दिलं.

"ताई, तू त्या भिंतीपाशी उभी राहा. कुठलीही अक्षरं लिही. आधी दाखवू नकोस."

"अरे, जरा टेकू तर दे."

ती टेकली, मग उठली. तिने लिहिलं, त्यांनी वाचलं.

"बरोबर?"

"बरोबर."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीस ना?"

"नाही रे बाबा."

"मग अजून एक."

दुपारभर हेच चाललं. ताई कधी या पायावर भार देई, कधी त्या. मधेच, कागद बदलता बदलता म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. सोबत कुणीतरी लागतं म्हणतात."

"हं," चष्मेवाले म्हणाले. "आता जरा बारीक लिही."

तिने बारीक लिहिलं. पाचच्या बसने गेली.

मग तीन दिवस तिने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला तो शेजारणीने. "झोपल्यात त्या. ऑपरेशननंतर झोप फार लागते. आपण कोण?"

"भाऊ."

"हो का," शेजारीण म्हणाली.

संध्याकाळी ताईच बोलली. "मंगळवारी झालं."

"सांगायचं तरी."

"सांगितलं होतं की. तू बारीक लिही म्हणालास."

चष्मेवाले खुर्चीवर बसले. खाली मालक शटर ओढत होता.

"दुखतंय?"

"दुखतंय." आणि ती थांबली. नेहमीचा प्रश्न येणार, याची तिला खात्री होती. तो त्यांच्या जिभेवर होताच.

"उद्या येऊ का?"

"येऊन काय करशील?"

"बसेन तुझ्यापाशी."

"आणि ठिपक्याचं विचारशील."

"विचारेन बहुतेक," चष्मेवाले खरं ते बोलले.

"मी उत्तर देणार नाही. मला माझा गुडघा पुरे झालाय. चालेल?"

पलीकडून ताईचा श्वास ऐकू येत होता. तिने फोन ठेवला नव्हता.

"म्हणजे, एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"बरं."

"पहिली बस साडेसहाला असते," ताई म्हणाली.