कानामागचा केशरी

अहो, पोलीस चौकीत कारकुनी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून फायलीत येऊन बसतात! कायदेभंगाची धामधूम नुकतीच होऊन गेली होती. मी तेव्हा नाशकातल्या एका चौकीवर होतो. आमचे फौजदारसाहेब दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. चार माणसं एकत्र हसताना दिसली की त्यांना कट दिसायचा. गावातला एकही सण त्यांच्या संशयातून सुटला नाही. आणि खरं सांगू? त्यांच्या हाताखाली राहून मीही तसलाच झालो. अजून कुणी फुकट पेढा दिला की मी आधी मागे वळून बघतो.

*

गणेशचतुर्थीची संध्याकाळ. आमचे धोंडिबा हवालदार पायरीवर तंबाखू मळत बसले होते. सहज मान वर गेली आणि चंद्र दिसला! बिचारे पांढरेफटक पडले. त्या दिवशी चंद्र पाहिला की खोटा आळ येतो. खुद्द श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, तिथे हवालदाराची काय कथा! पेन्शन वर्षावर आलेली, सबंध नोकरीत एक डाग नाही.

"कारकून, आता माझं कसं व्हायचं हो?"

तेवढ्यात साहेब आतून ओरडले, "हवालदार! वर बघून कुणाला खूण केलीस?"

*

नवरात्रात वणीला बंदोबस्त लागला. गडावर सुरगाण्याकडची एक म्हातारी सुनेला सांगत होती, महिषासुराला मारायला सगळ्या देवांनी आईला आपापली हत्यारं दिली, म्हणून तर तिला अठरा हात.

साहेब जागीच थांबले. "अठरा हत्यारं? परवाना कुणाच्या नावावर आहे?"

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आईला परवाना कसला, सायेब? तुला गड चढू दिला तिनं, त्यो परवाना काय कमी हाय?"

साहेबांनी मुकाट्यानं नारळ फोडला.

*

नरकचतुर्दशीला साहेब पहाटेच फेरीवर. घरोघर माणसं आंघोळ करून पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडताहेत आणि "गोविंदा!" म्हणून ओरडताहेत. साहेबांनी एका भटजींना धरलं.

"कुणाला चिरडताय?"

"नरकासुराला, साहेब."

"हा कोण?"

"प्राग्ज्योतिषपूरचा राजा."

"राजा?" साहेबांचे डोळे चमकले. "कारकून, लिहा! राजद्रोह!"

*

धुळवडीला आमच्याकडे दाजिबा वीराची मिरवणूक निघते. साहेबांना मीच गोष्ट सांगितली. हळद लागलेला नवरदेव, गाई पळवणाऱ्या दरोडेखोरांशी लढताना मारला गेला, लग्नाची इच्छा राहून गेली, म्हणून बाशिंग बांधून वीर नाचवतात.

साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "खून झाला हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मग फिर्याद का नाही दिली?"

मी म्हटलं, "साहेब, फार जुनी गोष्ट आहे."

"म्हणजे इतकी वर्षं दडपलं!"

*

आणि मग आली रंगपंचमी. धोंडिबांच्या आळीत रहाड होती. रहाड म्हणजे जमिनीतला मोठा हौद. वर्षभर ओंडके टाकून, माती लोटून बुजवलेला. रंगपंचमीला उघडायचा, फुलं उकळून केलेल्या रंगानं भरायचा आणि त्यात धपाधप उड्या मारायच्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. ह्या आळीचा केशरी. एकदा बुडी मारली की रंग आठ-आठ दिवस निघत नाही, कानामागचा तर नाहीच.

वर्षभर झाकलेला खड्डा! साहेबांना खात्रीच पटली, खाली बाँब आहेत. आदल्या दिवशी छापा घालायचं ठरलं. आम्ही पोचलो तर माती आधीच काढलेली, हौद धुऊन लखलखीत, आणि आळीवाले साहेबांसाठी हार घेऊन उभे!

"बातमी फुटली!" साहेब लाल झाले. "फोडणारा ह्याच आळीतला. उद्या चौकीतला एकही माणूस रहाडीजवळ फिरकता कामा नये. परवा सगळ्यांचे कान तपासणार. रंग दिसला की बडतर्फ!"

धोंडिबा माझ्याकडे बघून पुटपुटले, "चंद्र, कारकून. दुसरं काही नाही."

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले. फाल्गुनातलं ऊन मी म्हणत होतं आणि साहेब गळ्याला मफलर गुंडाळून आले. म्हणे सर्दी! एकेकाचे कान उलटून पाहिले. सगळे कोरे. धोंडिबांचे तीनदा पाहिले, तेही कोरे.

"इतके स्वच्छ?" साहेब म्हणाले. "म्हणजे घासून काढलेस! हाच पुरावा. कारकून, बडतर्फीचा कागद लिहा."

धोंडिबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी लिहीत गेलो, काय करणार? साहेब चौथ्यांदा कान बघायला वाकले आणि मफलर घसरला. कानामागे, मानेवर, थेट कॉलरच्या आत सगळा केशरी!

सगळे नाकासमोर बघत होते. धोंडिबांनी कडक सलाम ठोकला आणि हळूच विचारलं, "साहेब, चतुर्थीला आपल्यालाही चंद्र दिसला होता का हो?"

साहेबांनी मफलर वर ओढला. माझ्या हातातला कागद घेऊन टराटरा फाडला.

"कारकून, नवा लिहा. कोणाच्याही अंगावर रंग आढळला नाही!"