चरा पडलेली रेकॉर्ड

बाबा अमरावतीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून आईचं एकच टुमणं, "मले त्यायचं वाजवणं एकदा ऐकव." ऐकवू कुठून? जन्मभर लोकांच्या वराती नाचवल्या, पण घरात त्यांचा एक सूर साठवलेला नाही. कपाळ आमचं.

त्यांचं खास गाणं परदेशी होतं. बँडच्या मालकाकडे चावीचा फोनो होता आणि कुठूनशी आलेली जॅझची एक जुनी रेकॉर्ड. तिच्यावर कुणी अमेरिकन माणूस क्लॅरिनेट वाजवायचा. बाबा त्याला 'तिकडचा मास्तर' म्हणत. रेकॉर्डला मध्येच चरा होता. तिथं आली की सुई उडी मारून पुढं जायची. बाबांनी गाणं त्या उडीसकट बसवलं, आणि त्यांच्यामागं सगळ्या बँडनं. अमरावतीपासून अचलपूरपर्यंत वराती त्या उडीवर नाचल्या. कुणाला काही खटकलं नाही.

मग अकोल्याहून आतेभावाचा फोन आला. त्याच्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्यानं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती; वरातीला बाबांचाच बँड होता. "मामा पुरे दिसतात त्याच्यात. मामीले घेऊन या." आम्ही दुसऱ्याच दिवशी बसनं गेलो.

टीव्हीवर बाबा आले. लाल कोट, फुगलेले गाल, आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा. मिक्सिंगवाल्यानं बँडचा आवाज पुसून वर फिल्मी गाणं चिकटवलेलं. तेव्हा सगळे तसंच करून घ्यायचे, लग्न भारी दिसायचं म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वाजवणारा ठेवला अन् वाजवणं फेकून देल्लं?" आतेभाऊ ओशाळला. "आमाले तवा काय समजे, दादा."

आईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती बाबांची बोटं बघत होती. "हे त्यायचंच गाणं हाय," म्हणाली, "तेच."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. मागं एकदा ते गाणं मोबाइलला गुणगुणून दाखवलं होतं, तर त्यानं ती रेकॉर्ड शोधून दिली होती, साफ केलेली, बिनचऱ्याची. बाबांशिवाय ती ऐकवत नव्हती म्हणून आईपुढं कधी काढली नाही. आता काढली. दोनतीनदा मागंपुढं करावं लागलं, मग जुळलं. बाबांची बोटं हलत होती आणि सूर निघत होते. आईनं पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं.

चऱ्याची जागा आली. बाबा सवयीनं उडी मारून पुढं गेले. मास्तर मात्र आम्ही कधीच न ऐकलेला तुकडा निवांत वाजवत बसला. बोटं एकीकडं, सूर एकीकडं. थोड्या वेळानं बाबांनी क्लॅरिनेट खाली घेतली, बाहीनं तोंड पुसलं आणि वरातीबरोबर चालू लागले. मोबाइल वाजतच होता.

"बंद कर तो," आई म्हणाली. "त्यायचं वाजवून झालं."