थंड गाडीचं भाडं

"तिकडे पोचल्यावर दार कोण उघडणार?"

भाडं सांगण्याआधी दादा हे विचारत. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. गाडीचं दार कोणी हमाल उघडेल, त्यात विचारायचं काय? ते मात्र उत्तर मिळेपर्यंत थांबत.

बडोद्यात त्यांचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस होतं. मी औषधांच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचं काम पाहायचे, त्यामुळे वरचेवर त्यांच्यासमोर बसावं लागे. शिवाय घडियाळी पोळमध्ये, जुन्या शहरातल्या त्या अरुंद गल्लीत, आमची घरं समोरासमोर. ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणत, घरी 'ताई'. मी दोन्हीकडे दादाच म्हणायचे.

साध्या आणि थंड गाडीच्या भाड्यातला फरक ते असा सांगत की ऐकत राहावं. "साध्या गाडीत एक इंजिन डिझेल पितं, थंड गाडीत दोन. भिंती जाड, म्हणून माल कमी मावतो. भरण्याआधी रिकामी गाडी गार करायची. परतीला थंड माल मिळाला नाही, तर रिकामं येणंही आपल्याच माथी."

एकदा एक मिठाईवाले शेठ उसळले, "काका, आ तो लूंट छे!"

"लूंट नथी शेठ, डिझल छे," दादा शांतपणे म्हणाले, आणि शेठचे पेढे साध्याच गाडीतून पाठवले. हिवाळा होता, वाट जवळची होती. हातातला नफा सोडणारा ट्रान्सपोर्टवाला तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला.

उन्हाळ्यात मात्र तेच दादा ऐकत नसत. आमच्या साहेबांनी एका मे महिन्यात इंजेक्शनं साध्या गाडीने धाडायचं ठरवलं, बर्फाची पाकिटं घालून. दादा फोनवर एवढंच म्हणाले, "माझ्यापुढे बर्फाचं नाव काढू नका." आवाज त्यांचा वाटलाच नाही.

कारण मला ठाऊक होतं. आमच्या पोळमधल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दादांचा धाकटा भाऊ राजस्थानात कामाला होता. लग्न व्हायचं होतं. ऐन मे महिन्यात तो तिथे अपघातात गेला. थंड शववाहिनी दुसऱ्या शहरातून यायची होती. भाडं दुप्पट, शिवाय वाट पाहावी लागणार. साधा टेम्पो तयार उभा. दादांनी इथूनच फोनवर ठरवलं: टेम्पो, आणि बर्फाच्या लाद्या. रोजचा धंदा, रोजचा हिशेब. बर्फ वाटेतच संपला. गाडी बडोद्याला आली तेव्हा दार उघडताच कोणी जाणतं माणूस म्हणालं, आईला दाखवू नका. मृतदेहाची पेटी न उघडता तशीच स्मशानात नेली.

"तुम्ही खोकं जाळलंत," दादांच्या आई, आमच्या सगळ्यांच्या आजी, म्हणाल्या. "माझा मुलगा कुठाय?"

धाकटा रागावून कुठेतरी राहिला आहे, असं आजींनी ठरवून टाकलं. घरात त्याचं श्राद्ध करू देईनात. "जित्या माणसाचं पान वाढतात का रे?" म्हणून दरवर्षी पितृपक्षात दादा आमच्या घरी भावाचं पान वाढत. खीर-वडे मी करायचे. पान गच्चीवर ठेवून ते खाली येत, मोरीत कपाळाचं गंध घासून घासून धूत आणि विचारत, "ताई, दिसत नाही ना?" मग समोर जाऊन आईबरोबर पुन्हा जेवत.

मी एकदा म्हटलं, "दादा, त्यांना एकदा नीट समजावून सांगा."

"काय सांगू? तिने तोंड पाहिलं नाही. मीच पाहू दिलं नाही." मग हळूच म्हणाले, "आता मलाही कधीकधी वाटतं, खोक्यात तो नव्हता. अनोळखी नंबरवरून फोन आला, आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तर मी लगेच ठेवत नाही."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी दादा ऑफिसात बसल्या बसल्या गेले. लगेच घरी आणलं. आजींना आधार देऊन जवळ बसवलं. त्यांनी लेकाच्या कपाळावरून, गालांवरून हात फिरवला, मिटलेल्या पापण्या चाचपल्या. खूप वेळ. मग स्पष्ट म्हणाल्या, "हा गेला."

आणि रडल्या. मला वाटलं, निदान याचं तोंड तरी त्यांना पाहता आलं.

थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून त्यांनी माझा हात धरला. "धाकट्याला कळवलंस का गं? तो आल्याशिवाय उचलू नका. कितीही रागावला असला, तरी भावाला खांदा द्यायला येईल."

बाहेर ऊन चढत होतं. तिरडी बांधून झाली होती. माणसं दाराशी येत, आत पाहत आणि मागे फिरत. घाई करा, असं कोणीच म्हणालं नाही. आम्ही वाट पाहत बसलो.