हलायचं नाही

पहिल्या खेपेला मी दोन मिनिटंही टिकले नाही. लातूरच्या एमआरआय सेंटरमध्ये मला आडवं करून चेहऱ्यावर पिंजरा बसवला, फळी आत सरकली, आणि डोळ्यांपासून चार बोटांवर छत दिसताच घाबरलं तर दाबायला म्हणून हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला. दाबतच राहिले.

"मावशी, असं केलं तर कसं?" मशीन चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "हललात तर डॉक्टरला काहीच दिसणार न्हाई."

महिनाभर डावा हात बधिर होत होता. "गाठ तर नाही ना, तेवढं बघून घेऊ," असं रेणापूरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. नवरा बाहेर बाकावर बसला होता.

"कानात गाणी लावते. भजनं लावू?"

"भजनं नको. दुसरं काहीही."

पुन्हा आत गेले, डोळे घट्ट मिटून. हातोडे पडावेत तसा आवाज सुरू झाला. त्यामागे एक इंग्रजी गाणं वाजलं, संपलं. दुसरं लागलं. आधी नुसता ऑर्गन, मग एका बाईचा जाड, खरबरीत आवाज.

हे गाणं मला पाठ होतं. लहानपणी नांदेडला शेजारच्या मैत्रिणीच्या भावानं सौदीहून टेपरेकॉर्डर आणला, त्याबरोबर ही कॅसेट. तिच्यावर नाव नव्हतं. अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका आहे, एवढंच त्याला ठाऊक. आम्हा दोघींना इंग्रजी येत नव्हतं. ऐकू येईल तसं म्हणायचो, आणि ती कुणाला तरी जाऊ नको म्हणून विनवतेय असं धरून चालायचो. तिची अम्मी आतून ओरडायची, "क्या रोती जी वो औरत, बंद करो!" पुढे कॅसेटची फीत तुटली. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, निवृत्तही झाले, पण ते गाणं कुणाचं हे कधी कळलंच नाही.

आता ते कानात होतं आणि मला हलायचं नव्हतं. ओठ आपोआप हलतील म्हणून दात आवळून धरले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, पुसता येईना. तिचा आवाज वर चढला की नेमका मशीनचा दणका वाढायचा आणि ती बुडायची. मी त्या गोंगाटाखाली तिचा एकेक शब्द धरत राहिले. मधेच लक्षात आलं, की ती कुणाला थांबवत नाहीये. जा म्हणतेय. आम्ही इतकी वर्षं उलटंच समजत होतो.

बाहेर आल्यावर बाईंना विचारलं. त्यांनी स्क्रीनवर बघून गायिकेचं नाव वाचलं, "सत्तरच्या दशकातलं, गाण्याचा प्रकार सोल म्हणून लिहिलाय." मी ते फायलीवर लिहून घेतलं.

रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली. तोवर आम्ही बाकावर बसून होतो. नवऱ्यानं दोनदा चहाचं विचारलं, मी दोनदा नको म्हटलं.

"गाठ नाही," सेंटरचे डॉक्टर म्हणाले. "मानेत नस दबलीय. ऑपरेशन लागेल."

नवरा उठला होता, तो परत खाली बसला.

रस्त्यावर आल्यावर त्यानं विचारलं, "आत रडली का?"

"हाव."

"भ्याली?"

"हाव. अन् एक गाणं लागलं होतं."

रिक्षांच्या गलक्यात मी ते फोनवर लावलं. त्यानं फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"लई जोरात सांगून राहिली कुणाला तरी," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. करंगळी अजून बधिरच आहे.