खाडीच्या तोंडाशी नांगरलेला मचवा

लग्न होऊन मी आगरदांड्याजवळच्या कोळीवाड्यात आले, त्याच वर्षी मुंबईत देवीची साथ पसरली. माझे सासरे मचव्याचे तांडेल, त्या शिडाच्या होडीवर त्यांचाच हुकूम चाले. सुकी मासळी विकायला ते मुंबईला गेले होते. बरोबर माझे यजमान आणि शेजारच्या विधवेचा एकुलता एक मुलगा, तो आमच्याकडे खलाशी होता.

परतणारं शीड दिसलं तशा आम्ही बायका किनाऱ्यावर गेलो. पण मचवा खाडीच्या तोंडाशीच थांबला आणि नांगर पडला. सासऱ्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "कोनी जवळ येव नका. खलाशी पोराला देवी आल्यात."

गावात एकच घबराट उडाली. संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. मचवा परत मुंबईला धाडा, असं बरेच जण म्हणू लागले. खलाशाची आई एका बाजूला पदर तोंडाला लावून बसली होती. सासूबाई एरवी चारचौघांत बोलायच्या नाहीत, पण त्या उठल्या.

"घर समोर दिसतंय तरी ते उतरलं न्हाईत, ते तुमच्यासाठीच ना? मग त्यांना हाकलताय कशाला?"

माणसं एकेक करून उठून घरी गेली. मचवा तिथेच राहिला.

ओहोटीला एक खडक उघडा पडायचा. त्यावर आम्ही भाकरी आणि पाण्याची हंडी ठेवून मागे सरायचो. मग यजमान लहान होडीतून येऊन ते उचलून नेत. पहिल्या दिवशी मी नकळत दोन पावलं पुढे गेले. "थांब तिथंच," ते म्हणाले, "बाचा हुकूम हाय." तेवढ्यात मी त्यांचा चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

सासऱ्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यांच्या गालांवर वण होते. एकदा आलेल्याला पुन्हा येत नाहीत म्हणून त्या मुलाचं सगळं ते स्वतःच करत. यजमानांना त्यांनी दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. मुलगा खाजवू नये म्हणून त्याचे हात धरून ते रात्र रात्र जागत, असं यजमानांनी खडकावरून सांगितलं.

मुरूडहून लस टोचणारा माणूस आला, तेव्हा तो आधी मचव्यावर जाऊन यजमानांना टोचून आला. गावात मात्र लोकांनी दारं लावून घेतली. देवी अंगणात आलेली असताना तिला सुई दाखवायची कशी, ही त्यांची भीती. सासऱ्यांना ते कळलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की गावातलं शेवटचं पोर टोचून होईपर्यंत आपण जमिनीवर पाय ठेवणार नाही, मग पोरगा बरा होवो वा न होवो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी खलाशाची आई दंड पुढे करून बसली. तिच्यामागे मी बसले. मग एकेक दार उघडू लागलं. लेकरं रडत होती, पण आयांनी त्यांना घट्ट धरलं होतं.

यजमानांना देवी आल्या नाहीत, गावातही दुसऱ्या कोणालाच नाहीत. मुलाच्या खपल्या पूर्ण गळून पडल्यावर सासऱ्यांनी त्याचं अंथरूण खडकावर जाळलं. मग होडी किनाऱ्याला लागली. मुलगा हाडांचा सापळा झाला होता, चेहरा वणांनी भरला होता, पण तो आपल्या पायांनी चालत आला. त्याची आई सासऱ्यांच्या पाया पडायला आली, तर ते अवघडून म्हणाले, "आधी त्याला जेवायला घाल." आणि ते पुन्हा होडीत बसून मचवा धुवायला निघून गेले.